दोन कुलपांचं दुकान

मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात. जळकी तार आणि किस्से. तार किलोवर विकली जाते. किश्श्यांना गिऱ्हाईक नाही, म्हणून ते तुमच्यासारख्या चहाला थांबलेल्या मित्रांच्या गळ्यात मारावे लागतात.

मी वसंता. राहणार असोदा, दुकान जळगावात. सुभाषशेठ आणि मी, दोघांनी मिळून चोवीस वर्षं शेतकऱ्यांच्या मोटरी भरल्या. मोटर भरणं म्हणजे तिच्या पोटातली जळालेली तार उपसून नवी गुंडाळणं. सुभाष गेल्यापासून जो तो मला एकच विचारतो, "काय हो, तुमची भागीदारी मोडली होती म्हणे? मोबाइलवर तसं दिसत होतं."

मोबाइलवर काय दिसत होतं ते मला पाठ आहे. त्यातला एक शब्द खोटा नव्हता. तरी त्यापायी दुकान हातचं जायची वेळ आली होती. दुकानाचं एक वेळ जाऊ द्या, हात आहेत तोवर मी कुठेही बसून मोटर भरेन. पण ज्या घरात चोवीस वर्षं चहा प्यालो त्या घरानं मला चोर समजावं, हे मला सोसलं नाही. कसं झालं ते मला सरळ सांगता यायचं नाही. आडवळणानं सांगतो.

*

सुरुवात बाबूजींपासून करावी लागेल. बाबूजी म्हणजे सुभाषचे वडील. राजस्थानातून आलेलं व्यापारी घराणं, पण जळगावात इतकी वर्षं काढलेली की बाजारात त्यांना कोणी बाहेरचं म्हणत नव्हतं. सुभाषनं घरी सांगितलं, असोद्याचा एक कारागीर आहे, त्याच्याबरोबर भागीदारीत मोटरीचं काम सुरू करतो. बाबूजी हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी एसटीनं असोद्याला आले.

आमच्याकडे चौकशीची एक रीत आहे. ज्याची चौकशी करायची त्याच्या घरी जायचं नाही. गावात न्हाव्याकडे बसायचं, दाढी करून घ्यायची, पीकपाण्याचं बोलायचं आणि उठता उठता सहज विचारायचं, "तो अमका कसा आहे हो?" गावाला कळतं हा कशाला आलाय ते. पण गावही तसं दाखवत नाही.

बाबूजींनी दाढी करून घेतली. बाकावर एक म्हातारा नंबर लावून बसला होता. त्याला विचारलं, "इथला वसंता मोटरी भरतो म्हणे. माणूस कसा आहे?"

तो म्हातारा म्हणजे आमचे आबा. माझे सख्खे वडील.

आबांनी ओळख दिली नाही. जरा विचार केला आणि म्हणाले, "पोरगं कामाले चांगलं हाये. पन आयकत नाही कोनाचं. आन् सकायी उशिरा उठते."

"लबाड आहे का?"

"लबाडीले डोकं लागते," आबा म्हणाले.

बाबूजी घरी गेले आणि सुभाषला म्हणाले, कर भागीदारी. तो म्हातारा कोण होता हे त्यांना पुढे चार महिन्यांनी कळलं. तेव्हा म्हणाले, "बाप स्वतःच्या पोराचं उणं परक्याला सांगतो, त्या घरात खोटं येणार कुठून?" सुभाषची बायको, कमलाभाभी, तेव्हा नवीनच लग्न होऊन धुळ्याहून आलेल्या. बाबूजी हा किस्सा प्रत्येक पाहुण्याला सांगायचे आणि भाभी आतून चहा आणताना प्रत्येक वेळी ऐकायच्या. मला उशिरा उठणारा म्हणून त्या घरात तेव्हापासून ओळखतात.

*

बाबूजींनी भागीदारीला एकच अट घातली. शटरला दोन कुलपं. डावं सुभाषचं, उजवं माझं. दोघं आल्याशिवाय दुकान उघडायचं नाही आणि दोघं असल्याशिवाय लावायचं नाही. सुभाषची किल्ली लाल दोऱ्यात, माझी तांब्याच्या तारेत. घरी दुसरी किल्ली ठेवायची नाही.

एकदा मी सावद्याला लग्नाला गेलो, आणि उजव्या कुलपाची किल्ली खिशात. सुभाषला आदल्या दिवशी सांगायचं विसरलो. सकाळी एक शेतकरी भरून ठेवलेली मोटर न्यायला आला. मोटर आत आहे, शटरला माझं कुलूप आहे, उन्हाळा आहे, केळी पाण्यावाचून उभी आहे. शेतकरी म्हणाला, "शेठ, तोडा कुलूप. नवं मी आणून देतो."

सुभाषनं त्याला समोरच्या हॉटेलात चहा सांगितला आणि स्कूटर काढली. भर उन्हात सावद्याला आला. मांडवात मी पंगतीला बसलेलो. मागून खांद्यावर हात.

"किल्ली."

"अरे, तोडायचं ना! जेव तरी."

"तुझ्या कुलपाला मी कशाला हात लावू?" म्हणाला, आणि न जेवता परत गेला. नवरीकडची माणसं मला विचारत होती, हा कोण होता, पोलीस का?

मला तेव्हा त्याचा राग आला होता. चारचौघांत शोभा केली म्हणून.

*

आता 'पार्टनर बाहेर गेलाय' हे सांगतो, कारण ते पुढे लागणार आहे.

भागीदारीतलं दुकान असलं की या वाक्याचा फार उपयोग. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की म्हणायचं, "पार्टनरला विचारावं लागेल, तो बाहेर गेलाय, येईल." नाही म्हणायचं पाप लागत नाही आणि गिऱ्हाईक तुटत नाही. मी सुभाषचं नाव सांगायचो, सुभाष माझं. पार्टनर तेव्हा बहुधा पत्र्याच्या आडोशामागे डबा खात बसलेला असायचा.

धुळ्याकडचे शेतकरी बेरके. आले की आधी आडोशामागे डोकावून विचारायचे, "शेठ उना का?" म्हणजे आला का. दिसला की मग भाव करायला सुरुवात.

एकदा दोघा भावांनी कमाल केली. एक भाऊ दुकानात माझ्यासमोर बसला आणि दुसऱ्यानं घरून सुभाषला फोन लावला. मी म्हणालो, "पार्टनर बाहेर गेलाय, येईल." आडोशामागून त्याच क्षणी सुभाषचा आवाज आला, "पार्टनर बाहेर गेलाय, येईल." समोरचा भाऊ शांतपणे म्हणाला, "दोन्ही गयात तं दुकान कोन चालाडस?"

त्या मोटरीचे आम्ही ते सांगतील तेवढेच घेतले.

*

मोबाइल आमच्याकडे सुभाषनं आणला. मी बटणाच्या फोनवरच बरा होतो. सुभाषला त्या शोधायच्या सोयीचं भारी वेड लागलं. ऊन किती, पाऊस कधी, गुडघा का दुखतो, सगळं त्याला विचारायचा.

एक जुनी मोटर आली, वरचा माहितीचा पत्रा गळून पडलेला. अशा मोटरीत तारेचे वेढे किती घ्यायचे हे कळायला एकच रस्ता. जळालेली कॉइल कापायची आणि वेढे एकेक करून मोजायचे. दीड तास जातो, डोळे फुटतात. मी मोजायला बसलो तर सुभाष म्हणाला, "थांब. मोबाइलवर आहे. हा बघ आकडा, हा बघ फोटो. अगदी हीच मोटर."

मी म्हणालो, मोजू दे. तो म्हणाला, "एकदा तरी कोणाचं ऐकत जा."

ऐकलं. त्या आकड्यानं भरली, वार्निश केलं, वाळवली, दिली. तिसऱ्या दिवशी मोटर धूर काढत परत आली. शेतकऱ्यानं ती दारात ठेवली आणि सुभाषला विचारलं, "शेठ, तुमचा मोबाइल माझ्या विहिरीत उतरला होता का?"

मग मी जुनी कॉइल भंगारातून शोधून काढली आणि मोजली. नेटवरचा आकडा खोटा नव्हता. तसल्याच दिसणाऱ्या दुसऱ्या मोटरीचा होता. आकडा खरा, मोटर दुसरी. ते वाक्य सुभाषनं भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं. अजून आहे. आबांना सांगितलं तर म्हणाले, "जल्मात एकडाव आयकलं, तेबी मोबाइलचं."

*

तरी सुभाष सुधारला नाही. एक दिवस म्हणाला, आपलं दुकान नकाशावर टाकलं. स्वतःचा फोन नंबर दिला, शटरचा फोटो टाकला. दोन्ही कुलपं स्पष्ट दिसतात त्यात.

आठवड्यानं धुळ्याकडून एक जण पिकअपमध्ये मोटर घालून निघाला. फोन आला, "शेठ, नकाशा सांगस, पोचनात. पन पुढे पानीच पानी शे."

सुभाष रोज पहाटे मेहरूण तलावावर फिरायला जायचा. तिथे बाकावर बसून त्यानं दुकान नकाशावर टाकलं होतं. दुकान पडलं तलावात. सुभाष त्याला म्हणाला, "तिथेच थांबा, हलू नका," आणि स्कूटरवर जाऊन त्याला घेऊन आला. तो माणूस नंतर दरवर्षी यायचा आणि विचारायचा, पाणी किती चढलं दुकानात.

मग लोक तारे द्यायला लागले. पाचपैकी पाच, पाचपैकी चार. एकानं दोनच दिले. सुभाष दिवसभर जेवला नाही. त्या शेतकऱ्याचा नंबर काढला, फोन केला, "काका, काम बिघडलं का? पुन्हा भरून देतो."

"नाही रे बाबा. मोटर झकास चालते."

"मग दोनच तारे?"

"तुम्ही दोघंच ना दुकानात? एक तुला, एक त्याला."

सुभाषनं ते बदलू दिलं नाही. जो येईल त्याला मोबाइल काढून ते दोन तारे दाखवायचा.

*

प्रवीण म्हणजे कमलाभाभींचा भाऊ. धुळ्यात त्याचं तारेचं दुकान. आम्ही तांब्याची तार त्याच्याकडूनच आणायचो. माणूस प्रामाणिक, बहिणीवर जीव. पण सुभाषपेक्षा दुप्पट मोबाइलवेडा.

एकदा आम्ही दोघं धुळ्याला गेलो तर म्हणाला, चला, एक ठिकाणी जेवायला नेतो, नेटवर सगळ्यात वर नाव आहे. गेलो. शटर बंद. शटरवर कोळ्यानं जाळं विणलेलं. प्रवीणनं मोबाइल पाहिला, शटर पाहिलं, पुन्हा मोबाइल पाहिला. म्हणाला, "चालू आहे."

मी म्हणालो, "बंद आहे."

"अहो भाऊ, चालू दाखवतंय." आणि तो शटर वाजवायला लागला. चांगला पाच मिनिटं वाजवत होता. शेजारचा पानवाला बाहेर येऊन म्हणाला, मालक सुरतला गेला, दोन वर्षं झाली. तेव्हा प्रवीण शटरकडे बघत म्हणाला, "मग चालू का दाखवतंय?"

आम्ही रस्त्यावर उभं राहून भजी खाल्ली. परत येताना सुभाष एसटीत एवढा हसला की कंडक्टर मागे वळून बघायला लागला. त्याचं तसं हसणं मी शेवटचं पाहिलं ते त्या एसटीत.

*

सुभाष तलावावरच गेला. पहाटे फिरता फिरता बाकावर बसला आणि उठला नाही. मला फोन आला तेव्हा मी झोपेत होतो. उशिरा उठणारा ना मी.

त्या दिवसाचं मी काही सांगत नाही.

दुकान बंद ठेवलं. बारा दिवस तर ठेवायचंच होतं. बाराव्याला मी मेहरूणला त्यांच्या घरी गेलो. माणसं होती, प्रवीण होता, भाभी भिंतीला टेकून बसलेल्या. चहा झाला. मी तासभर बसलो. डाव्या कुलपाची किल्ली देव्हाऱ्याजवळ खिळ्याला टांगलेली दिसत होती, लाल दोऱ्यात. मला वाटलं, कोणीतरी म्हणेल, "वसंतभाऊ, ही किल्ली." कोणी म्हणालं नाही. मागायची तर कशी मागायची? दुःखातल्या घरी जाऊन किल्ली मागणं म्हणजे दुकान मागण्यासारखंच. घरानं आपण होऊन द्यावी. मी उठलो आणि आलो.

नंतर कळलं, त्या घराला वाटत होतं वसंतभाऊनं यावं आणि हक्कानं किल्ली मागावी. नाही मागितली म्हणजे याला आता दुकानात रस नाही. दोन्हीकडे रीतच पाळली जात होती. मी रोज वाट पाहत होतो, ते रोज वाट पाहत होते.

तुम्ही म्हणाल, पुन्हा जाऊन एकदा बोलायचं. बोलायला पाहिजे होतं. पण आबा सांगूनच गेलेत माझ्याबद्दल.

*

आता शेतकऱ्याची मोटर सुतक बघून जळत नाही. दुकान बंद म्हटल्यावर ओळखीचे लोक मोटर घेऊन असोद्याला घरीच यायला लागले. अंगणात निंबाचं झाड आहे. त्याच्या सावलीत पोतं टाकून मी भरून द्यायचो. आलेल्या पैशातला निम्मा वाटा भाभींच्या नावानं डब्यात. त्याचं मला कौतुक नको, तो त्यांचाच होता.

त्यातला एक हौशी शेतकरी म्हणाला, "भाऊ, लोकांना घर सापडत नाही. नकाशावर टाकून देतो." मी तारेत गुंतलेलो. म्हणालो, टाक. म्हणाला, इकडे बघा, हसा जरा. मी बघितलं, हसलो. नाव टाकलं 'वसंता मोटर रिवाइंडिंग, असोदा', आणि माझा नंबर. भल्यासाठीच केलं त्यानं.

तिकडे जळगावात दुसरे भले लोक होते. दुकानावर येऊन बंद शटर पाहून गेलेले. सुभाषचा फोन लागत नाही, शटर महिनाभर बंद. कोणी एकानं, मग दुसऱ्यानं, मोबाइलवर कळवलं की हे दुकान बंद असतं, लोकांना उगाच हेलपाटा नको. त्यांनीही भल्यासाठीच केलं. एक दिवस आमच्या दुकानाच्या नावाखाली लाल अक्षरं आली. कायमचे बंद.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं निंबाचं झाड आणि समोरची मोटर.

*

प्रवीणचा फोन आला तो शुक्रवारी.

"वसंतभाऊ, जिजाजींना जाऊन दीड महिना नाही झाला. एवढी घाई?"

"कसली घाई?"

"जुनं दुकान कायमचं बंद केलं, आणि स्वतःच्या नावानं नवं उघडलं."

"कोण म्हणालं?"

"कोणी म्हणायची गरज नाही. मी स्वतः पाहिलं."

"दुकानावर येऊन?"

"मोबाइलवर. दीदीलाही दाखवलं. फोटो आहे तुमचा. हसताय तुम्ही त्यात."

मला राग आला. माझं तोंड असं आहे की राग आला की चुकीचंच बोलतं. मी म्हणालो, "मोबाइल दाखवतोय ना? मग तसंच असेल."

"ठीक आहे," प्रवीण म्हणाला. "सोमवारी दुपारी दीदीला वकिलाकडे घेऊन जातोय. भागीदारी मोडायचा कागद करून घेऊ. तुमचं तुम्ही बघा."

फोन ठेवला. हातातली मोटर तशीच टाकली आणि झाडाखाली बसून राहिलो. सुभाष गेला त्या दिवशी मी रडलो नव्हतो, माणसं जमवायची, सामान आणायचं, त्यात वेळ गेला होता. त्या शुक्रवारी रडलो. बायको दारातून बघून आत गेली. तिला म्हणालो, भाभींनी फोटो पाहिला, मी हसतोय तो. ती म्हणाली, मग जा आणि सांगा ना त्यांना. मी म्हणालो, काय सांगू, हसलो नव्हतो म्हणून?

भिंतीवरचं ते खडूचं वाक्य मला सारखं आठवत होतं. पण ते शटरच्या आत होतं.

*

शनिवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज. अस्सल अहिराणी, धुळ्याकडची.

"मोटर भरनारा का?"

"हो, बोला."

"मोबाइलमा दुकान असोदाले दखाडस. जळगावनं बंद पडनं का?"

आधीच डोकं ठिकाणावर नव्हतं. मी म्हणालो, "बाई, इथे दुकान नाही. इथे निंबाचं झाड आहे. दुकान जळगावातच आहे."

"मंग ते बंद काबर शे?"

"त्याला दोन कुलपं आहेत. माझ्याकडे एकच किल्ली आहे."

"तोडी टाका ना मंग."

"माझं असतं तर तोडलं असतं. डावं कुलूप पार्टनरचं आहे. त्याच्या कुलपाला मी कशाला हात लावू?"

आता आवाज आला तो जरा हळू.

"दुकान कोनं शे?"

"दोघांचं."

"आनि पार्टनर कोठे शे?"

चोवीस वर्षांची सवय. जिभेनं मला विचारलं नाही. "बाहेर गेलाय," मी म्हणालो. त्याच्या पुढचा शब्द 'येईल'. तो काही तोंडातून निघाला नाही. मी फोन धरून तसाच बसलो.

मग बाई म्हणाली, "सोमवारले सकाळमा दुकानवर येसू."

"बाई, दुकान बंद आहे म्हणतोय ना मी. मोटर इकडे आणा, भरून देतो."

फोन ठेवलेला होता. उलट लावला तर उचलला नाही.

*

सोमवारी मी लवकर उठलो. बायकोनं घड्याळ पाहिलं. गिऱ्हाईक येतो म्हणाल्यावर दुकानासमोर कोणीतरी उभं पाहिजे, शटर बंद असलं तरी. बाई एवढ्या लांबून मोटर घेऊन येणार आणि बंद शटर बघून परत जाणार, हे बरं नाही. शिवाय दुपारी वकिलाचा कागद होणार होता. म्हटलं, त्याच्या आधी एकदा दुकान बाहेरून बघून घ्यावं.

मोटरसायकलनं जळगावला आलो. गल्लीत शिरलो तर शटरसमोर कोणीतरी पाठमोरं उभं होतं. साध्या फिक्या साडीत, डोक्यावर पदर. बरोबर प्रवीण नाही, मोटर नाही, गाडी नाही. गाडी लावून जवळ गेलो तर कमलाभाभी.

त्या दुकानावर चोवीस वर्षांत दोनदाच आल्या होत्या, दोन्ही वेळा पूजेला. माझ्याशी बोलायच्या ते शाळेतल्यासारखं शुद्ध मराठी, तेही 'बसा' आणि 'चहा घ्या' एवढंच. मी चपला काढल्या. का काढल्या ते मला माहीत नाही.

"भाभी," मी म्हणालो, "तुम्ही इथे?"

त्यांनी हातातलं डावं कुलूप दाखवलं, उघडलेलं, लाल दोऱ्यातली किल्ली अजून त्यातच होती.

"तुमना पार्टनर बाहेर गयथा ना?" भाभी म्हणाल्या. "उना तो."

मी खिशातून तांब्याच्या तारेतली किल्ली काढली आणि उजवं कुलूप उघडलं.